पार्सल दारात पोचल्याचे पैसे मिळतात, हबवरच्या तासांचे कोण देणार?

अंबडचा_डिलिव्हरीवाला

अंबडच्या एका हबवरून, म्हणजे पार्सलं वाटपासाठी जिथे येतात त्या गोदामातून, मी पार्सल उचलतो. पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद हा माझा रूट. पैसे पार्सलमागे. ग्राहकाकडून ओटीपी घेऊन 'डिलिव्हर्ड' दाबलं की ते पार्सल मोजलं जातं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काहीच मोजलं जात नाही. मला त्याबद्दल बोलायचंय.

सकाळी सातला हजर राहावं लागतं. उशीर झाला तर रूट दुसऱ्याला जातो. पण भिवंडीहून माल घेऊन येणारी मोठी गाडी सातला येईलच असं नाही. आसनगाव-शहापूरला ट्रॅफिक लागलं किंवा कसाऱ्यात ट्रेलर बंद पडला, की ती नऊला येते, कधी साडेनऊला. तोवर आम्ही शटरसमोर बसून. गाडी आली की माल उतरवायचा आम्हीच, पिनकोडप्रमाणे वेगळा करायचा आम्हीच, स्कॅन करून बॅगा भरायच्या आम्हीच. रनशीट, म्हणजे त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी, निघाली की मग आमचा दिवस सुरू झाला असं धरतात.

संध्याकाळी पुन्हा तेच. कॅश जमा करायला एकच काउंटर. पाचशेच्या नोटा वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या, मग खालची चिल्लर. टेप लावलेली नोट घेत नाहीत, ती माझ्याकडे परत. त्यानंतर परत आलेली पार्सलं एकेक करून स्कॅन करायची आणि प्रत्येकाचं कारण टाकायचं. एखाद्याचा बारकोड पावसात भिजलेला असला की तो लागत नाही आणि मागची सगळी रांग थांबते. हिशोब जुळल्याशिवाय गेटबाहेर सोडत नाहीत. एखादं पार्सल सापडलं नाही तर डेबिट माझ्या नावावर.

उदाहरणापुरतं सांगतो. समजा पेट्रोल जाऊन दिवसाला ८०० रुपये हातात राहिले. रस्त्यावरचे आठ तास धरले तर तासाला १०० पडतात. हबवरचे सकाळ-संध्याकाळचे मिळून तीन तास धरले तर ७३ सुद्धा पडत नाहीत. रेट ठरवताना बोलणं नेहमी पहिल्या हिशोबाचं होतं, आयुष्य मात्र दुसऱ्यावर चालतं.

जिथे मला यायची वेळ दुसरा ठरवतो आणि जायची परवानगीही दुसरा देतो, तो वेळ माझा कसा? तो कामाचाच वेळ आहे आणि त्याचे पैसे मिळायला हवेत. ज्यांना पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहा.

सातपूर_व्हेंडर

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणून लिहितो. मी व्हेंडर, म्हणजे कंपनीचं डिलिव्हरीचं कंत्राट घेणारा. माझ्याकडे मुलं कामाला आहेत. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो की रेटमध्ये सगळं धरलंय: सॉर्टिंग, लोडिंग, कॅश, रिटर्न. लपवाछपवी काही नाही. किराणा दुकानदार सकाळी शटर उघडतो, झाडतो, माल लावतो. त्याचे तो गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घेतो का?

दुसरी गोष्ट. कंपनी मला हबच्या तासांचे काही देत नाही. मलाही पार्सलमागेच मिळतात. उद्या मुलांना तासाचे द्यायचे म्हटलं तर आणू कुठून? आणि तास मोजायला लागलो की जो चपळ आहे, जो तासाभरात बॅगा भरून निघतो, त्याचं नुकसान. जो मोबाइल बघत रेंगाळतो त्याचा फायदा. दिवाळीच्या सेलमध्ये हीच मुलं चांगले पैसे कमावतात. तेव्हा तासांचं कुणी काढत नाही.

अंबडचा_डिलिव्हरीवाला

दादा, दुकानदार भाव स्वतः लावतो. त्याने शटर नऊऐवजी अकराला उघडलं म्हणून त्याचं दुकान कुणी दुसऱ्याला देत नाही. मला सातच्या ठोक्याला बोलावता ते तुमच्या सोयीसाठी. कसाऱ्यात गाडी अडकली यात माझा काय हात? तरी त्या ट्रॅफिकचे पैसे रोज माझ्या खिशातून जातात. रेंगाळणाऱ्याचं म्हणाल, तर गाडीच आलेली नसताना चपळ माणूस तरी काय करणार?

कॉलेजरोड_रायडर

मी फूड डिलिव्हरी करतो आणि मला तासांचं प्रकरण नको आहे. मनापासून सांगतोय. सकाळी माझे क्लास असतात. दुपारी लॉग-इन करतो, नको वाटलं तर बंद करतो. तास मोजायचे म्हटलं की शिफ्ट येणार, शिफ्ट आली की सुपरवायझर येणार, रजेचा अर्ज येणार. मग मी एखाद्या दुकानातच नोकरी नसती का केली? हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघत उभं राहायचा त्रास मलाही आहे. शनिवारी रात्री कॉलेज रोडवर पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं. पण त्यासाठी थांबल्याचे पैसे वाढवून मागा. नोकरी मागू नका.

निफाडचा_कांदेवाला

मी शेतकरी. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही, पण गोणी उचलण्याचं कळतं. लासलगावला, पिंपळगावला माल नेला की हमाली, तोलाई, वाराई (उचलण्या-तोलण्याची मजुरी) हे शब्द पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर, वर्षानुवर्षं वाचत आलोय. ते पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून का कापायचे, यावर आमचं भांडण आहे. २०२४ मध्ये याच वादात जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते आणि माल घरात सडायची वेळ आली होती. पण त्या सगळ्या भांडणातही हमालाने उचललं ते फुकट, असं कुणी म्हटलं नाही. पैसे कोणी द्यायचे यावर वाद होता, द्यायचे की नाही यावर नाही. राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. उचलणं, उतरवणं, रचणं, वाहणं याला काम म्हणायचं, हे या महाराष्ट्राने कधीच ठरवून टाकलंय. कांद्याची गोणी उतरवली तर काम, आणि मोबाइलच्या खोक्यांची बॅग उतरवली तर रेटमध्ये धरलेलं, हा फरक मला समजत नाही.

निवृत्त_वाहक_नाशिकरोड

एसटीत आयुष्य गेलं. गाडी डेपोत लागली की कंडक्टरची ड्युटी तिथेच संपत नाही. तिकिटांचा हिशोब, कॅश भरणं, सही, हे सगळं असतं. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्यात कामाचे तास कशाला म्हणायचं ते लिहिलेलं होतं. गाडी चालती असतानाचा वेळ तर होताच, शिवाय दुय्यम कामाचा वेळही होता. दुय्यम काम म्हणजे काय, तर हिशोब करणं, पैसे भरणं, रजिस्टरवर सही, गाडी ताब्यात घेणं आणि लावणं, माल चढवणं-उतरवणं. अंबडच्या मुलाने वर लिहिलंय ते जवळजवळ सगळं त्या यादीत सापडतं. हे काही आम्हाला कुणी मेहेरबानीने दिलं नव्हतं, युनियनने लढून घेतलं होतं. साठ वर्षांपूर्वी जो वेळ कामाचा होता तो मोबाइल अॅप आलं म्हणून बिनकामाचा होत नाही.

कायद्याचं_बोला

काका, यादी अगदी बरोबर आहे, पण मुलांना अर्धवट आशा लावायला नको. तो कायदा आता वेगळा राहिलेला नाही, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आणले, हे खरं. अॅग्रिगेटरने, म्हणजे अॅपवरून काम देणाऱ्या कंपनीने, वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. हा पैसा विमा, आरोग्य, म्हातारपण यासाठी. तासांचा त्यात विषयच नाही. गिग कामगाराची व्याख्याच मालक-नोकर या रूढ नात्याबाहेरचा माणूस अशी आहे.

म्हणून सगळा प्रश्न एका गोष्टीवर येतो. तुम्ही गिग कामगार की व्हेंडरचे कामगार? कॉलेज रोडचा मित्र स्वतः ठरवून लॉग-इन करतो, त्याचं वेगळं. पण जिथे सातची हजेरी आहे, रूट ठरलेला आहे, सुट्टीला परवानगी लागते, तिथे कागदावर काहीही लिहिलं तरी नातं नोकरीचंच आहे असा दावा करता येतो. आणि नोकरी ठरली की पीस रेटची ढाल चालत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम १७ होतं: कामाच्या नगावर पैसे असले, पण त्या कामाला किमान दर वेळेचा ठरलेला असला, तर त्या दरापेक्षा कमी देता येत नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व आहे. व्हेंडरसाहेब, 'रेटमध्ये सगळं धरलंय' हे म्हणायला तुम्हाला आडकाठी नाही, पण मग सगळे तास धरून भागाकार करावा लागेल.

जगातही याचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोदाम कामगारांच्या विरोधात एकमताने निकाल दिला. पाळी संपल्यावर चोरीच्या तपासणीसाठी ते सुमारे २५ मिनिटं रांगेत उभे राहत, त्याचे पैसे मागत होते. न्यायालयाचा मुद्दा असा की ज्या कामासाठी घेतलं, त्याचा अविभाज्य भाग तपासणी नव्हे. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या ड्रायव्हरांचा लॉग-इन करून भाडं घ्यायला तयार असलेला वेळ कामाचा धरला. यातला कुठलाच निकाल आपल्याला बांधील नाही. पण अमेरिकेची ती कडक कसोटी लावली तरी सॉर्टिंग आणि लोडिंग कामातच येईल असं माझं मत आहे. बॅग भरल्याशिवाय डिलिव्हरी करायची कशी?

गंगापूररोड_ग्राहक

सगळं पटलं तरी शेवटी बोजा आमच्यावरच येणार. आत्ताच डिलिव्हरी चार्ज वाढलेत. आणि माफ करा, पण फोनसुद्धा न करता 'ग्राहक घरी नाही' टाकून पार्सल परत नेतात, त्याचं काय?

सिडकोची_गृहिणी

ताई म्हणू की दादा माहीत नाही, पण फोनचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. माझे मिस्टर हेच काम करतात. ग्राहकांना फोन, 'लोकेशन टाका', 'आज घरी आहात ना', हे ते चहा पितानाच सुरू करतात. रिचार्ज आमचा, वेळ आमचा. रात्री जेवायला बसले की कुणाचा तरी फोन येतो की माझं पार्सल कुठे आहे, आणि ते ताट बाजूला सारून उत्तर देतात, कारण तक्रार गेली तर रेटिंग पडतं. मुलीची वही बघायची म्हटलं तर ती झोपलेली असते. त्यांनी खोटा शेरा मारावा असं मी म्हणणार नाही, ते चूकच. पण एका फोनचेही पैसे मिळत नसताना माणूस किती जणांना तीन-तीनदा फोन लावेल, तेही बघा.

सातपूर_व्हेंडर

वहिनींचं वाचून वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. माझीही मुलं सातलाच येऊन बसतात. पण मी कंपनी नाही हे तुम्ही लक्षात घेत नाही. गाडी कुठे आहे ते जीपीएसवर कंपनीला दिसतं, मला नाही. मला फक्त मेसेज येतो की सातला माणसं तयार ठेवा. माणसं कमी पडली तर दंड मला. घोटीचा टोल ओलांडला की कळवा, एवढं जरी कंपनीने केलं तरी मुलं घरून पाऊण तासाने निघतील. हे मी तोंडी सांगून झालंय. व्हेंडरचं कोण ऐकतो.

कायद्याचं_बोला

व्हेंडरसाहेब, मग तुमची आणि मुलांची तक्रार एकच आहे, ती एकत्र मांडा. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातही कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालकावर जबाबदारी होती. कंपनी नामानिराळी राहू शकत नाही.

कॉलेजरोड_रायडर

हबवाल्यांचं वेगळं आहे हे मान्य. सातची सक्ती मला कुणी केली असती तर मीही भांडलो असतो. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांना एका नियमात कोंबू नका. मला लॉग-आऊट करायची मोकळीक हवी आणि हॉटेलबाहेर थांबल्याचे पैसे मिनिटावर हवेत.

अंबडचा_डिलिव्हरीवाला

मला हे चालेल. तुझी मोकळीक जायला नको, माझे तास जायला नकोत, एवढं धरून दोन वेगळे नियम करता येतात.

घोटीच्या मेसेजने सकाळची वाट बघणं कमी होईल, पण सॉर्टिंग आणि संध्याकाळची कॅश तशीच राहते. आणि सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ च्या पर्वण्यांना पंचवटीचे रस्ते बंद होणार, गाडी लांब लावून पार्सलं हातात घेऊन चालावं लागणार. माणूस तोच, पार्सल तेच, वेळ दुप्पट, आणि रेट आहे तोच राहिला तर तो सगळा वेळ पुन्हा आमच्याच माथी. त्याच्या आधी हे लेखी ठरलं पाहिजे.

आमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये येण्याची वेळ लिहितात, जाण्याची नाही. म्हणून आम्ही काही जण सोमवारपासून स्वतःच्या वहीत तीन वेळा लिहिणार आहोत: गेटमध्ये शिरलो ती, रनशीट निघाली ती, कॅश जमा करून सुटलो ती. आडगाव, सिन्नर, नाशिकरोडच्या हबवाल्यांनीही लिहावं. महिनाभराने सगळ्यांच्या वह्या घेऊन कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊ.

सातपूर_व्हेंडर

लिहा. फक्त चौथी वेळही लिहा, मोठी गाडी किती वाजता लागली ती. माझ्या मुलांनाही सांगतो. ती वेळ कागदावर आली तर मलाही कंपनीपुढे काहीतरी ठेवता येईल. कार्यालयात मी येईन की नाही ते आत्ता सांगत नाही, माझं कंत्राट मार्चला संपतंय.