लाय आणि ले: पाठ करायचं की मराठीतून उलगडायचं?

शिकवणीवाली, दांडिया बाजार, बडोदा
आठवीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘द हेन लाइज अ‍ॅन एग.’ हवं होतं लेज. लाय म्हणजे आडवं होणं, ले म्हणजे आडवं ठेवणं किंवा अंडं घालणं. शाळेत तिला दोन्ही क्रियापदांची तिन्ही रूपं शंभर वेळा लिहायला लावली. माझ्याकडे आली तेव्हा रूपं तोंडपाठ होती, पण कोणतं कुठे वापरायचं ते तिला कळलं नव्हतं. मी विचारलं, आंबा पडला आणि आंबा पाडला, फरक काय? लगेच म्हणाली, एक आपोआप पडतो, दुसरा कोणीतरी पाडतो. मग राइज (वर येणं) आणि रेझ (वर उचलणं), सिट (बसणं) आणि सेट (ठेवणं), लाय आणि ले हे तेच तर आहे! जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत मूळ धातूला प्रत्यय लावून प्रयोजक, म्हणजे ‘करायला लावणं’ दाखवणारं क्रियापद करत. प्रत्यय झिजला, बदललेला स्वर तेवढा उरला. सिट-सेट आणि संस्कृतातलं सद्-सादयति (बसणं-बसवणं) यांचं मूळही एकच. बडोद्याची मुलं घरात पडणं-पाडणं बोलतात, अंगणात गुजरातीतलं पडवुं-पाडवुं. एवढा आधार हाताशी असताना नुसतं घोकायला का लावायचं?

मांजलपूरचा एक पालक
ताई, ऐकायला छान आहे, पण परीक्षेत मुलं याच रस्त्याने फसतील. लायचा भूतकाळच ले आहे. ‘ही ले डाउन’ म्हणजे तो आडवा झाला. तुमच्या हिशेबाने मूल विचारणार, काय आडवं केलं? मराठीत ‘पडला’ आणि ‘पाडतो’ कधी एकमेकांच्या जागी येत नाहीत. त्यात खोटं बोलण्याचा लाय वेगळाच, त्याचा भूतकाळ लाइड. आम्ही लाय-ले-लेन, ले-लेड-लेड रोज म्हणायचो. आज पन्नाशीतही चुकत नाही.

शिकवणीवाली
तुम्ही दाखवलेली अडचण खरी आहे, तिथे तक्ता लागतोच. पण तो अर्थ कळल्यावर यावा. त्या मुलीला लेड येत होतं, तरी अंडं घालायला तिने लाइज वापरलं. पाठांतराने रूप हाती येतं, निवड येत नाही. ‘काय?’ हा प्रश्न विचारला की येते. कोंबडी काय घालते? अंडं. म्हणून लेज. सूर्य काय उगवतो, असं कोणी विचारत नाही, म्हणून राइजेस.

रावपुऱ्यातले निवृत्त शिक्षक
दोघांनाही एक विचारतो. माझ्या नातवाने लिहिलं, ‘सयाजीराव फाउंड बँक ऑफ बडोदा इन 1908.’ म्हणजे महाराजांना बँक सापडली! हवं होतं फाउंडेड. इथे पडणं-पाडणं काय करणार? फाइंडचा भूतकाळ फाउंड. स्थापन करण्याचा फाउंड लॅटिनमधून आलेला, नातं काहीच नाही. हँगलाही ही युक्ती चालत नाही. फोटो टांगला तर हंग, माणसाला फाशी दिली तर रूढ रूप हँग्ड. धातू तोच, वापराने रूपं वेगळी झाली. असे शब्द वाक्यातूनच शिकवावे लागतात, आणि त्यासाठी मुलांनी भरपूर वाचायला हवं. शिकवणीत ते कोण करून घेतं?

मांजलपूरचा एक पालक
काका, सातवीच्या मुलाला लॅटिन सांगून काय उपयोग? त्याचा पेपर सोमवारी आहे.

शिकवणीवाली
काका, फाउंडबद्दल तुमचं पटलं, तिथे माझी युक्ती चालत नाही. लाय-ले, राइज-रेझ, सिट-सेट यांवर मात्र मी ठाम आहे. आणि दादा, सोमवारचा पेपर असेल तर तक्ता आज पाठ करून घ्या. मंगळवारी मुलाला माझ्याकडे पाठवा, आंब्यापासून सुरू करू.