फ्लोअर मॉनिटर घेताना कमाल डीबी बघायचे की कव्हरेज?

खर्ज : स्टेजवरचा वेज (कलाकारापुढे जमिनीवर तिरका ठेवलेला मॉनिटर स्पीकर) निवडायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती डीबी देतो?" माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, हिशोबाने काढलेला असतो. ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) ९७ डीबी, ५०० वॅटचे २७ डीबी, म्हणजे १२४. पीकचे ६ मिळवले की १३०. प्रत्यक्षात व्हॉइस कॉइल (ड्रायव्हर हलवणारं तारेचं वेटोळं) तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि ३ ते ६ डीबी तिथेच गळतात. शिवाय हे सगळं १ मीटरवरचं. उभ्या गायकाचा कान दीड-पावणेदोन मीटरवर असतो, म्हणजे आणखी ३.५ ते ५ डीबी गेले. आणि एवढ्यावर पोचण्याआधीच शिट्टी (फीडबॅक, माइकने मॉनिटरचाच आवाज पुन्हा पकडल्याने) येते.

खरी गोची कव्हरेजची, म्हणजे आवाज बाजूला किती रुंद सारखा पोचतो त्याची आहे. साध्या टू-वे वेजमध्ये डबा आडवा, म्हणून हॉर्न (वरच्या पट्टीचा) वूफरच्या (खालच्या पट्टीचा) शेजारी बसतो. दोघांच्या केंद्रांत ३० सेंटिमीटर अंतर आणि क्रॉसओव्हर (जिथे आवाज वूफरकडून हॉर्नकडे जातो ती जागा) १.५ किलोहर्ट्झवर धरा. तिथे तरंगलांबी २३ सेंटिमीटर. बाजूला साधारण २२ अंशांवर दोन्हींच्या वाटेत ११.५ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अर्धी तरंगलांबी, आणि दोघं एकमेकांना खातात. दीड मीटरवर याचा अर्थ गायक फक्त ६० सेंटिमीटर सरकला की शब्दांची स्पष्टता ज्या पट्टीत असते तीच गायब. मग तो म्हणतो "मला ऐकू येत नाही", आपण फेडर चढवतो आणि मॉनिटर शिट्टी मारतो. कोअॅक्शियलमध्ये हॉर्न वूफरच्या मध्यातूनच बोलतो, त्यामुळे हा खड्डा पडत नाही. गायकासाठी बाराइंची कोअॅक्शियल घ्या, डीबी दोन-चार कमी असले तरी चालतील.

स्टेजबॉक्स : लोबिंगचा, म्हणजे बाजूच्या खड्ड्याचा, हिशोब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. गायकाच्या कानाशी सरासरी १०५ डीबी हवेत असं धरा. जोरकस बँडमध्ये हे जास्त नाही. कॉम्प्रेस न केलेल्या आवाजाचे पीक सरासरीच्या १२ डीबी तरी वर जातात, म्हणजे ११७. अंतराचे ५ आणि कॉइल तापल्याचे ३ मिळवा. पीक १२५ झाले, तेही तुमच्याच पद्धतीने. कागदावर १२६ लिहिलेला वेज इथे लिमिटरवर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं सर्किट) जाऊन बसतो, आवाज दबतो आणि फाटतो. गायकाला तो "लांबून आल्यासारखा" वाटतो. तेव्हा हेडरूम, म्हणजे पीकसाठी शिल्लक ठेवलेली जागा, शेवटी बघायची गोष्ट नाही.

दुसरं, कोअॅक्शियलची कमजोरी तुम्ही सांगितलीच नाही. पुष्कळ डिझाइनमध्ये वूफरचा कोनच हॉर्नची भिंत असतो. त्याच वेजमध्ये किक (पायाने वाजवायचा ड्रम) किंवा बेस सोडला की कोन पुढेमागे हलतो, भिंतीचा आकार बदलत राहतो आणि वरच्या पट्टीत कंप येतो. लांब ओढलेल्या स्वरावर तो स्पष्ट कळतो. ड्रमरसमोर मी पंधराइंची वूफरचा वेजच ठेवीन.

खर्ज : ड्रमरचा मुद्दा मान्य. त्याच्या मिक्समध्ये किक असते, तिथे पंधराइंची किंवा वेजखाली वेगळा सब हवाच. पण गायकाच्या वेजमध्ये किक सोडायचीच कशाला? वेज जमिनीवर ठेवला की खालची पट्टी ६ डीबीपर्यंत फुगते, म्हणून १०० ते १२० हर्ट्झला हाय-पास (त्याखालची पट्टी कापणारा फिल्टर) लावावाच लागतो. तो लावला की कोनची हालचाल खूप घटते, तुम्ही सांगितलेला कंपही बराच जातो. आणखी एक फायदा आहे. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, एवढासा डबा तिला दिशा देऊ शकत नाही. हाय-पास नसेल तर वेजची सगळी खालची पट्टी मागून प्रेक्षकांत सांडते आणि बाहेरचं मिक्स गढूळ करते.

पॅचबे : दोघेही डब्यावर भांडताय, माइक कुठे रोखलाय ते कोणी विचारलंच नाही. माइकच्या ऐकण्याच्या दिशेनुसार प्रकार पडतात: कार्डिऑइड १८० अंशांवर (थेट मागे) बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड सुमारे १२६ वर, हायपरकार्डिऑइड ११० वर. त्यामुळे कार्डिऑइडची शेपटी वेजकडे झुकवायची. सुपरकार्डिऑइड मात्र आडवाच ठेवायचा. माइक दीड मीटर उंचीवर आणि वेज त्याच्या पुढे एक मीटरच्या आसपास, म्हणजे वेज बरोबर १२६ च्या रेषेत येतो. तोच सुपरकार्डिऑइड कार्डिऑइडसारखा तिरका केला, तर वेज त्याच्या मागच्या कानात ओरडतो. तिथे तो जेमतेम १२ डीबी कमी ऐकतो, हायपर तर फक्त ६. ही चूक रोज दिसते आणि खापर वेजवर फुटतं.

गायकाने जाळी मुठीत धरली की मागची छिद्रं बंद होतात आणि माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो. मग कुठलाही वेज वाचवत नाही. उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅकआधीचा गेन ३ डीबीने घटतो, तेव्हा वापरात नसलेले म्यूट करा. कोअॅक्शियल विरुद्ध हॉर्न हा वाद यानंतरचा.

स्टेजबॉक्स : माइकबद्दल पूर्ण सहमत. पण त्याने मिळालेला गेन वापरायला डब्यात दम हवा, हे माझं म्हणणं तसंच उभं आहे.

जॅकपिन : मध्येच विचारतो. बाय-अॅम्प पॅसिव्ह वेज आहेत (वूफर आणि हॉर्नला बाहेरचे वेगवेगळे अॅम्प), चार पिनांचा स्पीकॉन कनेक्टर. हॉर्न वारंवार उडतात. सरळ अॅक्टिव्ह (आतच अॅम्प असलेले) घ्यावेत का?

पॅचबे : आधी वायरिंग तपासा. १ धन-ऋण वूफरला, २ धन-ऋण हॉर्नला, हा सर्रास वापरला जाणारा क्रम. प्रोसेसरचे (वूफर आणि हॉर्नच्या पट्ट्या वेगळ्या करणारा) आउटपुट अॅम्पवर उलटे लागले किंवा प्रोसेसर वगळून फुल-रेंज सिग्नल थेट २ वर गेला, तर हॉर्नमागच्या कंप्रेशन ड्रायव्हरचा डायफ्राम काही सेकंदांत जातो. पहिल्यांदा लावताना हॉर्नचा अॅम्प बंद ठेवा, वूफरमधून फक्त खालची पट्टी येते ना ते ऐका, मगच वरचा हळूहळू चढवा. केबल २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. २० मीटरवर ४ ओहमच्या वेजजोडीला ती ०.६ डीबी खाते, १.५ ची जवळपास १ डीबी.

खर्ज : अॅक्टिव्हमध्ये ही भानगड नाही, लिमिटर त्याच ड्रायव्हरला जुळवलेला असतो. पण प्रत्येक वेजपाशी वीज न्यावी लागते आणि डीएसपीचा (आतल्या डिजिटल प्रोसेसरचा) उशीर लागतो. कन्सोलचे २ मिलिसेकंद, त्यात वेजचे ४-५. गायकाला हाडांतून स्वतःचा आवाज आधीच ऐकू येत असतो, उशिराचा त्यात मिसळला की पोकळ वाटतो. पोकळ वाटलंच तर ईक्यूला हात लावण्याआधी त्या मॉनिटर मिक्सची पोलॅरिटी (धन-ऋण) उलटून बघा. कधी कधी तेवढ्यानेच आवाज भरतो.

स्टेजबॉक्स : आणि ईक्यूला हात लावलाच तर ग्राफिकची अर्धी पट्टी खाली ओढू नका. गेन हळूहळू वाढवा, पहिली शिट्टी येईल तिथे पॅरामेट्रिक ईक्यूने (हवी ती जागा आणि रुंदी निवडता येते) अरुंद काप घ्या, ३ ते ६ डीबी. चार-पाच कापांनंतर थांबा. त्यापुढे जागोजागी एकदम शिट्ट्या येऊ लागतात, तेव्हा जागा किंवा माइक बदलायचा.

खर्ज, तुमच्या खड्ड्याची परीक्षा विकत घेण्याआधीच करता येते. क्रॉसओव्हरभोवतीच्या एक तृतीयांश ऑक्टेव्हच्या पट्टीतला पिंक नॉइज (चाचणीचा सळसळता आवाज) वेजमध्ये सोडा, एक कान बंद करा, दीड मीटरवर उभे राहून पाऊल-पाऊल बाजूला सरका. खड्डा कानाला लगेच सापडतो. मग तोच वेज पूर्ण गेनवर १५ मिनिटं चालवा आणि मीटरवर आवाज किती उतरला ते बघा. माझ्या हिशोबी निवड या दुसऱ्या आकड्यावर व्हावी.

खर्ज : पहिली परीक्षा आडव्या ठेवलेल्या हॉर्नच्या डब्यावर करा आणि मग सांगा. जोडीने वापरत असाल तर दोन्ही डबे आरशासारखे, हॉर्न आतल्या बाजूला ठेवून करा. खड्डे बाहेर सरकतात का तेही कळेल.