बेकार, एकटे, विशीतले: सरकारकडून हातात किती आलं आणि कसं भागलं?

नोकरी नाही, लग्न झालेलं नाही. मग घरचे आहेतच की, असं धरूनच आपल्याकडे चालतात. २०२४ मध्ये राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, म्हणजे कामावर शिकताना सरकारकडून विद्यावेतन. बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. दर शिक्षणावर ठरला, राहण्याच्या खर्चावर नाही. मुंबईत घरी राहणारा आणि भाडं भरणारा यांतला फरक जीवघेणा आहे, म्हणून विचारतेय. लिहा, आकड्यांसकट.

परळकर पाहुणा: बी.कॉम., मूळ कराडचा. १०,००० मिळायचे, तेही रोज कामावर जाऊन, बसून नव्हे. कॉट बेसिस (खोलीतली एक खाट भाड्याने) आणि खानावळ यांतच बहुतेक संपायचे. पैसे थेट खात्यात, पण उशिरा. तोवर खानावळवाल्या मावशींनी उधारीवर जेवू घातलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी दादरला आईवडिलांकडे राहायची. तिलाही १०,०००च. तिचे कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही, पण भाडं भरणाऱ्याचा वेगळा विचार व्हायला हवा.

विरार फास्ट: आयटीआय फिटर, ८,०००. घरी राहतो, पुरले.

भांडुपची: आमचं पॅकिंग युनिट बंद पडलं. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जायची, म्हणून नोकरी गेल्यावर भत्ता देणाऱ्या त्यांच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बसले. सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. २०२० पर्यंत निम्मेही नव्हते, पाव होते. माझ्यासोबतच्या मुलींना हे माहीतच नव्हतं. त्यांचीही वर्गणी कापली जात होती! याचा मला अजून राग येतो. वर्गणी कापताना कुणी विचारत नाही, हक्क मात्र आपणच शोधायचा.

ठाण्याची मावशी: माझा भाचा इंग्लंडमधल्या लेस्टरचा, २३ वर्षांचा. तिथे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (बेकार किंवा कमी कमाईच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत) एकट्या माणसाचा दर वयावर. २०२५-२६ ला पंचविशीच्या आत महिना ३१६.९८ पौंड, पुढे ४००.१४. खासगी भाड्याची मदतही पस्तिशीच्या आतल्या एकट्याला बहुधा सामायिक घरातल्या एका खोलीपुरतीच. तरुण म्हणून भूक कमी लागते का, असं त्याची आई विचारते.

परळकर पाहुणा: मावशी, निदान तिथे भाडं मोजतात तरी.

भांडुपची: ज्यांची ईएसआयसी कापली जात होती त्यांनी, योजना चालू आहे ना ते विचारून, नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करा. आधार आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. मालकाच्या सहीसाठी थांबू नका, अर्ज स्वतः करता येतो. भांडुप-मुलुंडकडच्या कुणाला फॉर्म कळत नसेल तर रविवारी मी बसेन सोबत.