बोक्याच्या पंजाला छोटी जखम: घरी काय करावे?

प्रश्न:
आमचा बोका काल संध्याकाळी शेजारच्या पत्र्यावरून उतरला, तेव्हापासून पुढचा उजवा पाय किंचित लंगडत टाकतो आहे. पंजा उलटा करून पाहिला, तर मोठ्या गादीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर दिसली. रक्त थांबले आहे, खाणेपिणेही नेहमीसारखे आहे; मात्र बोटे फाकवून तो तीच जागा सारखी चाटतो. आज रविवार असल्याने गावातला जनावरांचा दवाखाना बंद आहे. घरात डेटॉल, हळद आणि बिटाडीन आहे. सासूबाई हळद-तेल लावू म्हणतात. शिवाय पत्रा गंजलेला असल्याने धनुर्वाताचीही भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
डेटॉल कृपया लावू नका. त्यातल्या फिनॉल वर्गातील रसायनाचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि पंजाला लावलेले काहीही चाटण्यातून थेट त्याच्या पोटात जाते. म्हणूनच पाय बरा होईपर्यंत फरशीही फिनाइलने पुसू नये. दुखत असेल म्हणून क्रोसिन देण्याचा विचार तर मनातही आणू नका, कारण पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजराचा जीव जाऊ शकतो.

अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे व ते कोमट होऊ द्यावे. बोक्याला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त दुखरा पाय बाहेर ठेवावा आणि सुई काढलेल्या सिरिंजने चिरेवर हळूहळू धार सोडावी, म्हणजे आत अडकलेली माती निघून येते. कापसाचे तंतू जखमेत राहतात, त्यामुळे पाय स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्यावा. हे दिवसातून दोनदा पुरेसे आहे.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. बिटाडीनचे द्रावण असल्यास ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून एकदा लावता येईल, पण लगेच टिपून घ्यावे. मलम मात्र नको, ते चाटले जाईल. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, तरीही तेलावर धूळ बसते आणि हळदीच्या पापुद्र्याखाली घाण कोंडते. पट्टीही बांधू नये, कारण घट्ट झाल्यास बोटे सुजतात. शौचाच्या ट्रेमधील वाळू काढून काही दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत, आणि चाटणे थांबतच नसेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी.

प्रतिसाद ३:
धनुर्वात मांजरांना क्वचितच होतो, त्यामुळे त्याची फार धास्ती घेऊ नये. अधिक काळजी दुसऱ्या शक्यतेची वाटते: ती चीर पत्र्याची नसून दुसऱ्या बोक्याच्या दाताची असेल, तर वरचे भोक चटकन बुजते आणि आत पू साठतो. दोनतीन दिवसांत पंजा गरम लागला, सुजला, दुर्गंधी आली किंवा बोक्याने खाणे सोडले, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकांकडे न्यावे. काच वा काटा खोल रुतलेला दिसल्यास तो स्वतः ओढू नये, आणि पुन्हा रक्त आल्यास फडक्याने दाबून धरावे. दहा मिनिटांत थांबले नाही, तर रविवार असला तरी शहरातला दवाखाना गाठावा.

जखम धुताना त्याने तुम्हाला ओरखडले किंवा चावले, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. त्याला रेबीजची लस दिलेली असली, तरीही हे टाळू नये.