बाराव्या ओळीतली चूक कंपायलर तेराव्या ओळीत का दाखवतो?

प्रश्न:
मी नुकताच सी भाषा शिकू लागलो आहे. काल बाराव्या ओळीत 'बेरीज = 5' लिहून पुढे सेमीकोलन (वाक्य संपवणारे ';' हे चिन्ह) द्यायचा राहिला, आणि कंपायलरने एरर दाखवली ती तेराव्या ओळीतल्या, अगदी बिनचूक असलेल्या प्रिंटएफवर, म्हणजे उत्तर छापणाऱ्या फंक्शनवर. कंपायलर म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम, एवढेच मी वाचले आहे. मग त्याला चूक कळते कशी, आणि कळते तर तिची जागा का कळत नाही?

उत्तर १:
कंपायलरच्या लेखी ओळ अशी काही वस्तूच नसते. तो आधी मजकुराचे तुकडे पाडतो, त्यांना टोकन म्हणतात. तुमच्या वाक्यात नाव, बरोबरचे चिन्ह आणि संख्या अशी तीन टोकन आहेत. नव्या ओळीला सीमध्ये रिकाम्या जागेइतकीच किंमत असते. त्यानंतर पार्सिंगमध्ये ही टोकन भाषेच्या व्याकरणात बसतात का, हे पाहिले जाते. 5 नंतर पुढच्या ओळीवर अधिकचे चिन्ह आले असते तरी ते व्याकरणात बसलेच असते, त्यामुळे बारावी ओळ संपताना चूक झाली असे म्हणायला त्याच्याकडे काही आधारच नव्हता. संख्येला लागून 'प्रिंटएफ' हे नाव आले, तेव्हा तो अडला. अलीकडचे काही कंपायलर मागच्या ओळीच्या शेवटाकडे बोट दाखवतात, पण अडतात याच ठिकाणी.

उत्तर २:
'भाषांतर' हा शब्द थोडा फसवा आहे. टाइप, म्हणजे कोणती किंमत कोणत्या प्रकारची आहे हे, तपासून झाले की ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्यासाठी फेरफार, होते आणि मगच प्रोसेसरच्या सूचना तयार होतात. तुम्ही 60 * 60 * 24 लिहिले, तर तयार फाइलमध्ये गुणाकार बहुधा सापडणार नाही, थेट 86400 सापडेल. याची दुसरी बाजूही आहे. साध्या इंट (पूर्णांक) प्रकारात संख्या मर्यादेबाहेर गेली तर काय व्हावे, हे सीचे मानक ठरवत नाही. म्हणून 'एक मिळवल्यावर संख्या वाढली का' ही अट कंपायलर कायमची खरी धरून काढून टाकू शकतो. माझी अशीच एक तपासणी ऑप्टिमायझेशन चालू करताच नाहीशी झाली आणि मी दोन दिवस भलतीकडे शोधत बसलो.

उत्तर ३:
एक पुरवणी. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर आली तर कंपायलरला बोल लावू नका. कंपायलरने तयार केलेल्या वेगवेगळ्या ऑब्जेक्ट फाइल जोडणाऱ्या लिंकर या प्रोग्रामला एखादे फंक्शन सापडलेले नसते. गंमत अशी की अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी 1952 मध्ये केलेला ए-0, ज्याला पहिला कंपायलर म्हणतात, तो टेपवरची तयार सबरुटीन (प्रोग्रामचे छोटे तुकडे) गोळा करून जोडत असे, म्हणजे आजच्या लिंकरलाच अधिक जवळचा होता. सूत्रे लिहिता येतील अशा भाषेचा फोर्ट्रान कंपायलर आयबीएमने 1957 मध्ये दिला.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आत्ताच 5 नंतर सेमीकोलन न देता पुढच्या ओळीवर '+ 2;' लिहून पाहिले. कंपायलरने हूं की चूं केले नाही, आणि उत्तर 7 छापले गेले.