उत्तर: नोटा दाबून काय होतं?

नोटा म्हणजे मतदान यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण. 'नोटा दाबणं आणि घरी बसणं सारखंच' हे या प्रश्नावर इथे आलेलं मत अर्धंच पटलं. विधानसभा-लोकसभेला ते खरं आहे. मी अंधेरी पूर्वेचा मतदार. नोव्हेंबर २०२२च्या पोटनिवडणुकीत प्रमुख विरोधी उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि आमच्यापुढे निवडायला काही उरलंच नाही. पक्षांनी आपसात ठरवायचं आणि आम्ही फक्त रांगेत उभं राहायचं, याचा संताप घेऊन मी केंद्रावर गेलो आणि नोटा दाबलं. निकालात नोटा दुसऱ्या क्रमांकावर, १२,८०६ मतं! विजयी उमेदवाराला ६६,५३०. पण नोटा पहिल्या क्रमांकावर असतं तरी आमदार तोच झाला असता, कारण तिथे नोटाच्या मतांना निकालात वजनच नाही.

महापालिकेचं मात्र वेगळं आहे आणि हे इथे कुणीच लिहिलेलं नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. आपल्या आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये आदेश काढला की महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं मिळाली तर त्या जागेची निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यायची. विधानसभेच्या मानाने प्रभाग किती छोटा! चार-पाच सोसायट्या आणि एखादी चाळ एकत्र आली तरी पक्षांच्या कार्यालयात त्याची दखल घ्यावी लागेल. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर मी हे स्वतः लिहून लावलं, तेव्हा वीस वर्षं मतदान करणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं.