ताज्या बर्फात हरणामागे पायी जायचं तर किती हळू?

रानवाट: शिकारीचं लायसन्स झालंय, व्हाईटटेल (पांढऱ्या शेपटीच्या हरणा)चा सीझन चालू आहे आणि आज रात्री चारपाच इंच बर्फ पडणार म्हणतायत. आत्तापर्यंत मचाणावरच बसलोय, आता पायी करून बघायचंय. माग दिसला की सरळ त्याच्यावरच चालत सुटायचं का? आणि ताजा कसा ओळखायचा?

दबक्या: सुटू नका हो, तिथेच घोळ होतो. ठसे इतके स्वच्छ दिसतात की नजर खालीच खिळते, आणि हरीण पुढे उभं राहून तुम्हालाच बघत असतं. बसायच्या आधी ते बरेचदा वळसा घेऊन आपला माग दिसेल असं बसतं, म्हणून मागावरून नाही, त्याच्या कडेकडेने चालायचं, वारा तोंडावर घेऊन. दोनतीन पावलं टाकायची आणि मग झाडाला टेकून दोनतीन मिनिटं नुसतं बघायचं, कंटाळा येतो पण तेच खरं काम आहे. अख्खं हरीण शोधत बसू नका, उभ्या झाडांमधे एखादी आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते, नाहीतर कान हलताना दिसेल.

ताजेपणाचं म्हणाल तर बर्फ कधी थांबला ते लक्षात ठेवा. ठशात नवीन बर्फ नसेल तर माग त्यानंतरचा. कडेला बोट लावा, कडक लागली तर गोठायला वेळ मिळालाय, म्हणजे जनावर कधीच पुढे गेलं.

काटकी: +१. फक्त ‘पाय घासलेले दिसले म्हणजे नर’ हे कोणी सांगितलं तर ते अगदी पातळ बर्फातच धरा, चारपाच इंचात माद्याही घासतच चालतात. वर पापुद्रा धरला असेल तर पायी जाऊच नका, प्रत्येक पाऊल करकर वाजतं, त्यापेक्षा मचाण बरं. जाकीट लोकरीचं घाला, नायलॉन फांदीला घासलं की आवाज करतं.

आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडावर टेप लावा, आत बर्फ गेला आणि तशीच गोळी झाडली तर नळी फुटू शकते. टेप काढायची गरज नसते, गोळी त्यातून जाते.

रानवाट: भारी, धन्यवाद दोघांना. मधेच वारा फिरला तर?

दबक्या: मग तो माग सोडा आणि लांबून वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने या. वास लागला की हळू चालून काही उपयोग नाही.